एका पोल्ट्रीतलं परार्ध

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावं ओळीनं मांडली आहेत. एक, दहा, शंभर, हजार करत कोटी येते. मग अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सगळ्यांत शेवटी परार्ध. म्हणजे एकावर सतरा शून्यं. बाराव्या शतकात एवढी संख्या कुणाला आणि कशाला लागत असेल, असा प्रश्न ती यादी वाचताना पडतोच. आज मात्र ती वापरायला फार लांब जावं लागत नाही. नाशिक किंवा सातारा जिल्ह्यातली एक लाख पक्ष्यांची पोल्ट्री पुरते.

हिशेब असा. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद टोकांच्या पिशव्या असतात. न पचलेला चोथा तिथे साठतो आणि जंतू तो आंबवत बसतात. पूर्ण वाढलेल्या ब्रॉयलरच्या या दोन पिशव्यांत मिळून पाच ते दहा ग्रॅम ऐवज असतो आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅममध्ये साधारण दहा हजार कोटी जंतू असतात. वरची बाजू धरली तर एका पक्ष्यामागे एक लाख कोटी. आपल्या आकाशगंगेतले तारे दहा ते चाळीस हजार कोटींच्या घरात आहेत असं मानतात. दोन किलोच्या कोंबडीनं त्यांना केव्हाच मागे टाकलेलं असतं. आता एक लाख कोटींना एक लाख पक्ष्यांनी गुणा. एकावर सतरा शून्यं, बरोबर परार्ध. भास्कराचार्यांची यादी जिथे संपते तिथेच आपला पोल्ट्रीवाला उभा असतो, आणि त्याच्यासारखे जगात लाखो आहेत. जगभरात दर वर्षी साडेसात हजार कोटींच्या आसपास कोंबड्या खाण्यासाठी कापल्या जातात, म्हणजे सेकंदाला दोन हजार तीनशेहून जास्त. ही दोन वाक्यं वाचून होईपर्यंत दहा हजारांवर झाल्या.

या जंतूंपैकी बहुतेक निरुपद्रवी, काही तर कोंबडीच्या फायद्याचे. आपल्याला ज्यांची काळजी करायची ते दोन: साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर. कॅम्पिलोबॅक्टरला ४२ अंशांची ऊब फार मानवते आणि कोंबडीचं शरीर ४१-४२ अंशांवरच असतं. त्यामुळे तिच्या पोटात तो एका ग्रॅमला दहा कोटींपर्यंत सहज पोचतो. आकडा मोठा वाटतो, पण एकूण दहा हजार कोटींच्या गर्दीत तो हजारात एक. कोंबडीला त्याचं काही वाटत नाही. ती खाते, वाढते, वजन देते. आजारी पडतो तो तिला खाणारा.

माणसाला आजारी पाडायला असे किती जंतू लागतात? १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या डी. ए. रॉबिन्सन यांनी दुधात पाचशे कॅम्पिलोबॅक्टर घालून ते दूध स्वतःच पिऊन पाहिलं. पाचशे पुरले, ते आजारी पडले. विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा देखणे प्रयोग पुष्कळ आहेत, पण इतका सोपा आणि उपयोगी आकडा देणारे थोडे. कारण आता कच्च्या चिकनचं पिशवीत साठलेलं पाणी घ्या. त्याच्या एका मिलिलिटरला दहा हजार जंतू असतील, तर एका थेंबात पाचशे भरतात. तो थेंब पातेल्यात पडला तर काहीच बिघडत नाही. काकडी चिरायच्या पाटावर पडला तर बिघडतं.

साल्मोनेलाचा हिशेब आणखी विचित्र आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत आइस्क्रीममधून साल्मोनेलाची साथ पसरली आणि सुमारे २ लाख २४ हजार लोक आजारी पडले. मिनेसोटातल्या कारखान्यात आइस्क्रीमचं तयार मिश्रण ज्या टँकरमधून आलं, त्याच टँकरनं आधी कच्च्या अंड्यांचा द्रव वाहिला होता. मिश्रण आधीच पाश्चराइझ केलेलं असल्यानं टँकरमधून आल्यावर ते पुन्हा तापवलं गेलं नाही. तपासणाऱ्यांनी आइस्क्रीममधले जंतू मोजले तेव्हा, जिथे सगळ्यांत जास्त सापडले तिथेही, अर्ध्या कपाला सहा निघाले. सहा कोटी किंवा सहा हजार नव्हे, सहाच. पोटातलं आम्ल त्यांना मारू शकलं असतं, पण आइस्क्रीममधल्या स्निग्धांशाच्या आडोशानं ते आतड्यापर्यंत सुखरूप गेले असावेत, असा तर्क आहे.

ही गोष्ट अंड्याच्या धंद्यात काम करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे, कारण इथे एक वेगळंच गणित सुरू होतं. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी काढलेल्या अंदाजानुसार वीस हजार अंड्यांत एका अंड्याच्या आत साल्मोनेला असायचा. वीस हजारांत एक म्हणजे नगण्यच. दोन अंड्यांचं ऑम्लेट करणाऱ्याला दहा हजार ऑम्लेटांत एकदा असं अंडं भेटणार, आणि तव्यावर ते मरणार. पण एखाद्या दुकानात रोज शंभर कच्ची अंडी एकत्र फोडून मेयोनीज घुसळलं जात असेल, तर वर्षाला साडेछत्तीस हजार अंडी झाली. आता त्याच प्रमाणानं वर्षाकाठी जवळजवळ दोन दूषित अंडी त्या भांड्यात पडणार, आणि ज्या दिवशी पडतील त्या दिवशी शॉरमा खायला आलेल्या सगळ्यांच्या वाट्याला ती थोडीथोडी जाणार. वर ते भांडं दुपारभर उघडं. केरळनं जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, त्यामागे हेच गणित आहे. भारतात २०२३-२४ मध्ये १४,२७७ कोटी अंडी निघाली, सेकंदाला साडेचार हजार. एकापुढे एक आडवी मांडत गेलो तर चंद्रापर्यंत दहा वेळा जाऊन परत येता येईल. एवढ्या रांगेला वीस हजारांत एक हे प्रमाण लावलं की उत्तर सत्तर लाखांच्या वर जातं.

इथे टक्केवारी हा माणसाला फसवणारा प्रकार कसा आहे तेही सांगायला हवं. जंतुनाशकाच्या बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ असं लिहिलेलं असतं. आपण खूश होतो. पण दहा कोटींतले ९९.९ टक्के मेले तरी एक लाख उरतात, आणि रॉबिन्सनसाहेबांना पाचशेच पुरले होते. म्हणून या क्षेत्रातले लोक टक्क्यांत बोलत नाहीत. ते शून्यं मोजतात. ९० टक्के म्हणजे एक शून्य गेलं, ९९ टक्के म्हणजे दोन, ९९.९ म्हणजे तीन. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२० मध्ये हिशेब मांडला की कोंबडीच्या आतड्यातला कॅम्पिलोबॅक्टर तीन शून्यांनी कमी केला, तर ब्रॉयलरच्या मांसातून माणसांना होणारा आजार ५८ टक्क्यांनी घटेल. हजारातले नऊशे नव्व्याण्णव जंतू मारायचे तेव्हा कुठे शंभरातले अठ्ठावन्न रोगी वाचणार. युरोपियन संघानं २०१८ पासून कत्तलखान्यांसाठी मर्यादा घातली ती मानेच्या कातडीच्या एका ग्रॅमला हजार जंतूंची. शून्याची नव्हे, हजाराची. २००८ मध्ये त्यांनी २६ सदस्य देशांत आणि दोन शेजारी देशांत मिळून पाहणी केली होती तेव्हा कापलेल्या पक्ष्यांपैकी पाऊण हिस्सा, नेमकं सांगायचं तर ७५.८ टक्के पक्षी, कॅम्पिलोबॅक्टरनं बाधित निघाले होते. त्या मानानं हजाराची मर्यादा ही महत्त्वाकांक्षाच म्हणायची.

शून्यं कशी परत येतात हेही पाहू. साल्मोनेलाला ३७ अंशांच्या आसपासची ऊब आणि भरपूर खाणं मिळालं की तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट झालं की हजारपट. म्हणजे ९९.९ टक्क्यांचं ते झकास यश तीन तास वीस मिनिटांत धुऊन जातं. कॅम्पिलोबॅक्टर मात्र तीस अंशांखाली वाढत नाही, हवेतल्या ऑक्सिजनलाही कंटाळतो. ओट्यावर तो वाढणार नाही. पण त्याला वाढायची गरजच नसते. निघताना तो पुरेशा संख्येनं निघालेला असतो.

कत्तलखान्यात हा निघालेला जंतू कसा पसरतो ते पाहिलं की डोकं गरगरतं. अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांत एका पट्ट्यावरून मिनिटाला १४० पक्षी जातात, काहींना १७५ पर्यंत परवानगी मिळालेली आहे. सगळे एकाच गरम पाण्यात बुडतात, एकाच यंत्राच्या रबरी बोटांनी त्यांची पिसं उपटली जातात. एखाद्याचं आतडं फाटलं आणि ऐवजाचा एक ग्रॅम हजार लिटर पाण्यात मिसळला, तर त्या पाण्याच्या प्रत्येक मिलिलिटरला शंभर कॅम्पिलोबॅक्टर येतात. एक ग्रॅम! चिमूटभर मीठ याहून फार कमी नसतं. तिथून पुढे क्लोरीन, पेरॲसेटिक आम्ल, बर्फाचं पाणी, सगळे सोपस्कार होतात आणि एक-दोन शून्यं जातात. पण उताराच्या पायथ्याशी उभं राहून दगड अडवण्याचं हे काम आहे. दगड वरच, हलायच्या आधी, अडवता आला तर?

वर म्हणजे पहिल्या दिवशी.

एक दिवसाच्या पिल्लाला साल्मोनेलाची लागण व्हायला एक ते दहा जंतू पुरतात. त्याचं आतडं जवळजवळ रिकामं असतं. गावाकडे खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात आणि निघाल्या क्षणापासून आईच्या पंखाखाली, तिच्याच विष्ठेत चोच घालत फिरतात. पाहणाऱ्याला ते घाण वाटेल. पण त्या विष्ठेतून आईच्या आतड्यातली अख्खी वस्ती पिल्लाच्या आतड्यात जाते. हॅचरीत आई नसते. स्वच्छ केलेलं अंडं, स्वच्छ यंत्र, स्वच्छ खोका. म्हणजे आपण पिल्लाला जन्मतः जंतूंपासून जपतो आणि त्यामुळेच पहिल्या आलेल्या गुंडाला पूर्ण घर मोकळं मिळतं.

ही गोष्ट ओळखली फिनलंडच्या एस्को नुर्मी यांनी. १९७१ मध्ये तिथल्या ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली. नुर्मी आणि एम. रांताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज घेतला, पातळ केला आणि नुकत्या निघालेल्या पिल्लांना पाजला. मग त्यांना साल्मोनेला दिला. ज्यांना ऐवज पाजला नव्हता त्यांना मोजक्याच जंतूंनी लागण झाली. ज्यांना पाजला होता त्यांतली बहुतेक हजारापासून दहा लाखांपर्यंत जंतू पचवून निरोगी राहिली. १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये हा निबंध आला. एका खर्चात तीन ते सहा शून्यं, आणि तेही एकही औषध न देता! पेटंटच्या आणि प्रयोगशाळांच्या जगात ‘म्हाताऱ्या कोंबडीची शी पिल्लाला पाजा’ हा सल्ला छापायला धाडस लागलं असणार.

यामागचं कारण एस.टी.तून प्रवास केलेल्या कुणालाही समजेल. गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकून ज्यानं जागा धरली, त्याच्यानंतर दारातून कितीही धट्टाकट्टा माणूस आला तरी तो उभाच राहतो. आतड्याच्या अस्तरावर चिकटायच्या जागा आणि त्यातलं खाणं, दोन्ही आधी आलेल्यांनी धरलेलं असतं. वर ते जंतू चोथा आंबवून ब्युटिरिक, प्रोपिऑनिक अशी आम्लं तयार करतात. ती साल्मोनेलाला जाचतात. पहिल्या दोन दिवसांत पिल्लाच्या आतड्यातली संख्या ग्रॅमला हजार कोटींच्या पुढे जाते. म्हणून रुमाल टाकायला वेळ फार थोडा असतो, काही तासांचा. आता हे काम हॅचरीतच, पिल्लांच्या खोक्यांवर जंतूंच्या मिश्रणाचा फवारा मारून होतं. पिल्लं एकमेकांची पिसं टोचताना तो गिळतात. झेक प्रजासत्ताकात ब्र्नो इथल्या संशोधकांनी तर पुन्हा मूळ पदावर येऊन एक प्रौढ कोंबडीच पिल्लांत सोडली. तिच्या आतड्यातली वस्ती पिल्लांत उतरायला चोवीस तास पुरले.

कॅम्पिलोबॅक्टरवर मात्र हा उपाय तितका चालत नाही. तो आतड्याच्या भिंतीला धरून बसत नाही, तिथल्या चिकट थरात पोहत राहतो. पहिले दोन-तीन आठवडे आईकडून अंड्यातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे शेड स्वच्छ राहते; मग एका पक्ष्याला लागण झाली की आठवडाभरात वीस हजारांच्या शेडमध्ये जवळजवळ सगळ्यांना. दाराशी जंतुनाशकाचा ट्रे ठेवा, बूट बदला, सगळं केलं तरी तो येतो. कुठून? डेन्मार्कच्या लोकांनी शेडच्या हवा घेणाऱ्या झरोक्यांत अडकणाऱ्या माश्या मोजल्या. एका बॅचच्या काळात काही शेडमध्ये तीस हजारांपर्यंत माश्या आत गेल्या. मग त्यांनी काही शेडना बारीक जाळ्या लावल्या. जाळी नसलेल्या शेडमधल्या ५१.४ टक्के बॅचेस बाधित निघाल्या, जाळीवाल्यांपैकी १५.४ टक्के. औषध नाही, लस नाही, जाळी. डेन्मार्कमध्ये शेड बंद असतात म्हणून हे जमलं. आपल्याकडे ब्रॉयलरच्या शेड बहुधा दोन्ही बाजूंनी उघड्या, उन्हाळ्यात वारा जावा म्हणून. तिथे हा उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी जंतूंना खाणारे विषाणू, म्हणजे फेज, वापरून पाहिले. आतड्यातला कॅम्पिलोबॅक्टर अर्ध्यापासून पाच शून्यांपर्यंत उतरला. हा पल्ला इतका मोठा आहे की उपाय म्हणून त्यावर अजून भरवसा टाकता येत नाही; पण पृथ्वीवर अशा विषाणूंची संख्या एकावर एकतीस शून्यं इतकी मानतात, त्यामुळे निवडायला वाव कमी नाही.

राहता राहिली प्रतिजैविकं. सोपा वाटणारा हाच रस्ता जगानं पन्नास-साठ वर्षं धरला, आणि तो चुकीचा का हेही शून्यंच सांगतात. जंतू दुप्पट होताना साधारण कोटी-दहा कोटींत एखाद्याच्या जनुकात असा बदल होतो की सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीचं औषध त्याला लागू पडत नाही. ग्रॅममध्ये दहा कोटी जंतू असतील, तर एक ते दहा बंडखोर औषध द्यायच्या आधीच तिथे हजर असतात. औषध बाकीच्यांना मारतं आणि यांना मोकळं रान देतं. वीस हजार पक्ष्यांच्या पाण्यात औषध टाकणं म्हणजे लाखो बंडखोरांची एकदम निवड करणं. अमेरिकेनं २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन बंद केलं, युरोपनं २००६ च्या १ जानेवारीपासून वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविकं बंद केली, भारतानं जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन बंद केलं.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल मला फारशी चिंता वाटत नाही, निदान पातेल्यापुरती. अमेरिकेचा नियम कोंबडीत सात शून्यं गेली पाहिजेत असा आहे. साठ अंशांना त्याला अर्धा तास लागतो, ७४ अंशांना काही सेकंद. आपला रस्सा खदखदून उकळतो. त्यात सात काय, सतरा शून्यांचाही निभाव लागणार नाही. खरा घोळ पातेल्याआधी होतो. आणलेलं चिकन आपण नळाखाली खळखळून धुतो, हळद-मीठ लावतो, पुन्हा धुतो. यात चिकन स्वच्छ होत नाही, ओटा मात्र बाधित होतो; उडणारे थेंब हातभर अंतरापर्यंत जातात आणि शेजारी कोशिंबिरीचं ताट असतं. ब्रिटनच्या अन्न संस्थेनं २०१४ मध्ये ‘चिकन धुऊ नका’ अशी मोहीमच काढली होती. महाराष्ट्रात अशी मोहीम काढणाऱ्याला सासूबाईंची परवानगी घ्यावी लागेल.

पण मूळ अडचण घरात नाही, शेडमधल्या नोंदवहीत आहे. कंत्राटी पोल्ट्रीवाल्याला किलोमागे ठरलेली रक्कम मिळते. तो मरतूक लिहितो, खाद्य लिहितो, वजन लिहितो, लस लिहितो. राणीखेत रोग आला तर एका रात्रीत शेकडो पक्षी पडतात आणि पोटात गोळा येतो. कॅम्पिलोबॅक्टरनं एकही पक्षी पडत नाही, वजन घटत नाही, दर कमी होत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदकं मोजली गेली, महाराष्ट्रात सात कोटी ४३ लाख. एवढ्या पक्ष्यांच्या वह्यांत कॅम्पिलोबॅक्टरचा रकाना नसेल तर दोष पोल्ट्रीवाल्याला देता येत नाही. ज्याचे पैसे कापले जात नाहीत ते कुणीच मोजत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्यानं वाढले. आकडा दोनशेच्या वर गेला. हातापायांतली ताकद जाते, कुणाला व्हेंटिलेटर लागतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला. संशय मुख्यतः पिण्याच्या पाण्यावर होता, तरी चिकनच्या दुकानांवरची गर्दी ओसरली. भीतीला पत्ता लागत नाही. पण हा जंतू आणि हा आजार यांतला दुवा खरा आहे: कॅम्पिलोबॅक्टरनं जुलाब झालेल्या हजारभरांत एखाद्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्या जंतूला मारता मारता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते.

वहीत कॅम्पिलोबॅक्टरचा रकाना आखला तर काय होतं, याचं उत्तर न्यूझीलंडकडे आहे. २००६ मध्ये अवघ्या ४२ लाखांच्या त्या देशात कॅम्पिलोबॅक्टरच्या १५,८७३ रुग्णांची नोंद झाली. जगात सर्वांत वरच्या दरांपैकी तो दर होता. सरकारनं कोंबडी कापणाऱ्या कारखान्यांना जंतू मोजायला लावलं. कापलेला पक्षी धुवायचा, त्या पाण्यातले जंतू मोजायचे आणि एका पक्ष्यामागे सहा हजारांच्या वर जाणारे नमुने ठरावीक संख्येपेक्षा जास्त निघाले तर कारवाई. पाणी कसं सुधारायचं, यंत्र कसं लावायचं, हे कारखान्यावर सोडलं. २००८ मध्ये रुग्ण ६,६९४ झाले. काही वर्षांनी मायकल बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळांची जुनी कागदपत्रं काढून गिया-बारेचे रुग्ण मोजले. कारखान्यांचे नियम लिहिणाऱ्यांच्या उद्दिष्टात हा आजार कुठे नव्हता. तोही १३ टक्क्यांनी कमी झाला होता.